भाड्याचं बिल विकायचं, पण कुणाच्या खर्चानं?

ट्रकच्या धंद्यात खर्च सगळा रोखीत होतो आणि कमाई उधारीवर राहते. चाकणहून चेन्नईला माल निघाला तर अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली मोठी गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तरी तीनशे लिटर डिझेल लागतं, म्हणजे नव्वदच्या भावानं २७ हजार रुपये, आणि ते पंपावर गाडी निघतानाच मोजायचे. टोल फास्टॅगमधून जातो, तिथे कुणी उधार ठेवत नाही. ड्रायव्हरचा भत्ता रोख, हमाली रोख. फायनान्स कंपनीचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून कापला जातो आणि खात्यात तेवढे पैसे नसले तर वरून बाउन्सचा दंड. भाड्याचं तसं नाही. माल उतरल्यावर पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, परत यायची, मग बिल लागायचं, मग ते पास व्हायचं, आणि तिथून पुढे माल पाठवणाऱ्या कंपनीचे साठ दिवस, पंचाहत्तर दिवस, कुठे नव्वद.

या मधल्या दिवसांवर फॅक्टरिंग कंपन्यांचा धंदा चालतो. तुमचं बिल आमच्या नावावर करा, ८०-९० टक्के रक्कम एक-दोन दिवसांत घ्या, कंपनीकडून पैसे आले की आमची फी कापून उरलेले घ्या, असा हा व्यवहार. हुंडी वटवणाऱ्या पेढ्या हेच करत होत्या, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. आधुनिक रूपातही ती जुनीच आहे. रिझर्व्ह बँकेनं १९८८ मध्ये कल्याणसुंदरम समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनंतर १९९१ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकारानं मुंबईत फॅक्टरिंग कंपनी उभी राहिली. २०११ मध्ये स्वतंत्र कायदा आला, २०२१ मध्ये तो सैल केला गेला. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये नियम काढताना रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की फॅक्टरिंग करू शकणाऱ्या बिगर-बँक वित्त कंपन्या आता ७ वरून १८२ होतील. म्हणजे दुकानं वाढली आहेत, आणि छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या फोनवर त्यांच्या माणसांचे कॉल सुरू झाले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यानं बिल विकण्यात काही कमीपणा नाही. पण समोरच्या कंपनीनं मान्य केलेलं बिल असेल आणि पैसे बुडाले तर ते आपल्याकडे परत मागितले जाणार नसतील, तरच विकावं. सगळी बिलं एका फॅक्टरच्या स्वाधीन करणारा करार करू नये. आणि या विकण्याचा खर्च ज्याच्यामुळे होतो त्यानं, म्हणजे उशिरा पैसे देणाऱ्या कंपनीनं उचलावा. आज तो ट्रान्सपोर्टवाल्याच्या माथी आहे आणि त्याला आपण 'सुविधा' म्हणतोय.

आधी हे बघायला हवं, की हा प्रश्न नेमका कुणाचा आहे. एका गाडीच्या मालकाला बहुतेक वेळा बिल नावाचा कागदच नसतो. तो ब्रोकरकडून माल उचलतो, भरताना भाड्याचे सत्तर-ऐंशी, कधी नव्वद टक्के ॲडव्हान्स घेतो, आणि बाकी पोहोच दिल्यावर. ट्रान्सपोर्ट एजन्सीला भाड्यानं गाडी देण्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्याच्याकडे अनेकदा जीएसटी नंबरही नसतो. दर ठरतो फोनवर, पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. फॅक्टरनं विकत घ्यावं असं त्याच्या हातात काही नसतं.

खरा अडकतो तो त्याच्या वरचा. पाच-दहा गाड्या स्वतःच्या, कंपनीशी थेट करार, आणि काम वाढलं की बाजारातल्या गाड्या लावणारा. (आयकर कायद्यानंही टीडीएसमधून सूट देताना रेघ दहा मालवाहू गाड्यांवरच ओढली आहे, तेव्हा 'छोटा' म्हणजे कोण हे सरकारलाही साधारण ठाऊक आहे.) बाजारातल्या गाडीला तो पहिल्याच दिवशी ऐंशी टक्के मोजतो आणि कंपनीकडून त्याला अडीच महिन्यांनी मिळतात. कंपनीची उधारी आणि गाडीवाल्याची रोकड यांच्यामधलं सगळं खेळतं भांडवल हा माणूस पुरवतो. कंपनीच्या ताळेबंदात त्याचं नाव 'देणी' या सदरात एक ओळ म्हणून दिसतं. व्यवहारात तो तिचा बिनव्याजी सावकार असतो.

फॅक्टरिंगला नाकं मुरडणाऱ्यांनी या माणसापुढे आज काय पर्याय आहेत ते बघावं. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, सगळ्यात स्वस्त, पण बँक तारण मागते. ट्रक तारण चालत नाही, तो आधीच कर्जात असतो. मग राहतं घर किंवा गावाकडची जमीन. ते नसेल तर पतसंस्था, भिशी, पंपवाल्याची उधारी आणि शेवटी महिन्याला तीन टक्क्यांनी देणारा कुणीतरी. पंपाच्या उधारीला व्याज नाही असं वाटतं, पण उधारीवरच्या गिऱ्हाइकाला घाऊक सवलत मिळत नाही आणि मापाबद्दल बोलायची सोयही राहत नाही. यांच्या रांगेत फॅक्टर उभा केला तर तो सगळ्यात वाईट नाही. 'कर्ज काढू नये' हा उपदेश इथे गैरलागू आहे. कर्ज त्यानं काढलेलं नाही, उलट त्यानं ते कंपनीला दिलेलं आहे.

तरीही फॅक्टरचा माणूस जेव्हा 'फक्त दीड टक्का' म्हणतो तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. दीड टक्का कशाचा? बिलाच्या पूर्ण रकमेचा, दर तीस दिवसांना. समजा, महिन्याला २० लाखांची बिलं आहेत आणि कंपनी ७५ दिवसांनी पैसे देते. वाहतुकीत सगळा खर्च जाऊन सहा टक्के सुटले तर मालक खूश असतो, म्हणजे हातात १ लाख २० हजार. दीड टक्क्यानं अडीच महिन्यांची फी झाली पावणेचार टक्के, म्हणजे ७५ हजार. उरले ४५ हजार. बिलाशी तुलना केली तर फी किरकोळ दिसते, पण ती बिलातून जात नाही, नफ्यातून जाते. डिझेल, टोल, हप्ता, पगार यांना त्या फीशी देणंघेणं नाही, ते आपापला वाटा आधीच घेऊन गेलेले असतात. हेच पैसे कॅश क्रेडिटवर वर्षाला ११ टक्क्यांनी उचलले असते तर ४५ हजारांच्या आसपास व्याज लागलं असतं. महिन्याच्या तीन टक्क्यांनी उचलले तर दीड लाख, म्हणजे धंदा तोट्यात. 'दीड टक्का' ऐकल्यावर मनातल्या मनात बारानं गुणायची सवय लावून घेतली तरी पुष्कळ होईल. अठरा टक्क्यांचं कर्ज म्हणून कुणी समोर ठेवलं असतं तर याच माणसानं दहा प्रश्न विचारले असते.

फॅक्टरिंगच्या बाजूनं एक चांगला युक्तिवाद आहे. पैसा लवकर सुटला की त्याच पैशात आणखी फेऱ्या होतात, म्हणून फी गेली तरी एकूण नफा वाढतो. हे खरं आहे, पण डिझेलला पैसे नाहीत म्हणून ज्याला माल नाकारावा लागतो त्याच्यापुरतंच. अशी वेळ येते, विशेषतः दिवाळीच्या आधी, कारखान्यांचा माल एकदम सुटतो तेव्हा. त्या दोन महिन्यांत चार बिलं वटवून चार फेऱ्या जास्त मारणं हा शहाणपणा आहे. पण पावसाळ्यात, मालच कमी असताना, गाड्या नाक्यावर रांगेत उभ्या असताना लवकर आलेल्या पैशानं फेरी वाढत नाही. तो पैसा मागच्या महिन्याचा खड्डा बुजवतो आणि पुढच्या महिन्यात तेवढाच खड्डा पुन्हा पडतो, शिवाय फीचा वेगळा. कायमचं फॅक्टरिंग आणि हंगामी फॅक्टरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॅक्टरचा माणूस त्या कधीही वेगळ्या करून सांगत नाही.

फीपेक्षाही माणसं फसतात ती 'रिकोर्स' या एका कलमात. कंपनीनं पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले तर फरक कोण भरणार? बहुतेक करारांत उत्तर असतं, बिल विकणारा. आणि वाहतुकीच्या बिलात कमी पैसे येणं ही रोजची गोष्ट आहे. ओळखीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर पडलेली एक पोहोच सांगतो. एलआरची, म्हणजे ट्रकच्या बिल्टीची, प्रत घड्या पडून कापडासारखी मऊ झालेली, कोपऱ्यात डिझेलचा डाग. मागच्या बाजूला गोदामाचा निळा शिक्का आणि शिक्क्याखाली बॉलपेननं खरडलेलं, 'टू बॉक्स वेट', म्हणजे दोन खोकी ओली. खाली सही, पण कुणाची ते सही करणाऱ्यालाच ठाऊक. ताडपत्री फाटलेली नव्हती, ड्रायव्हरचं म्हणणं होतं की उतरवताना पाऊस सुरू होता आणि गोदामवाल्यांनी माल अर्धा तास उघड्यावर ठेवला. त्याला कोण विचारतो! ५८ हजारांचं बिल. फॅक्टरनं ८५ टक्क्यांप्रमाणे ४९,३०० आधीच दिले होते. कंपनीनं ११ हजारांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, लावली आणि ४७ हजार पाठवले. राखून ठेवलेले ८,७०० तर गेलेच, वर २,३०० रुपये आणि फी फॅक्टरनं पुढच्या बिलातून वळती केली. दोन ओल्या खोक्यांचा वाद कंपनीशी घालायचा, तर तो घालण्याआधीच पैसे गेलेले.

काही फॅक्टर 'नॉन-रिकोर्स'चं आश्वासन देतात. ते वाचताना डोळ्यांत तेल घालून वाचावं. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की कंपनीचं दिवाळं निघालं तर नुकसान आमचं. मालाबद्दल, वजनाबद्दल, गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांबद्दल (हॉल्टिंग) वाद निघाला तर नुकसान तुमचंच. छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याला बड्या कंपनीच्या दिवाळ्याची भीती क्वचितच असते, भीती असते ती डेबिट नोटची. ज्याची भीती नाही त्याचा विमा विकत घेण्यासारखा हा प्रकार आहे.

अमेरिकेत ट्रकवाल्यांचं फॅक्टरिंग इतकं रुळलेलं आहे, की एक-दोन ट्रकचा मालक कंपनी सुरू करतो तेव्हा विम्याच्या बरोबरीनं फॅक्टरही ठरवतो. तिथेही बहुतेक वाहतूक कंपन्या दहा किंवा त्याहून कमी ट्रकच्या आहेत आणि ब्रोकर महिनाभरानं, कधी त्याहून उशिरा पैसे देतात. पण तिथल्या ट्रकवाल्याला एक गोष्ट मिळते जी इथे नाही. माल उचलण्याआधी तो फॅक्टरला विचारतो, हा ब्रोकर पैसे देणारा आहे का? फॅक्टरकडे हजारो ब्रोकरांच्या पेमेंटची नोंद असते आणि त्याचं उत्तर 'नको' असेल तर ट्रकवाला तो माल सोडतो. ब्रोकरला कायद्यानं ७५ हजार डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. दर लेखी असतो. म्हणजे तिथली फी निव्वळ व्याजाची नाही, चौकशीचीही आहे. इथे आपल्याला चौकशी मिळत नाही, व्याज मात्र भरावं लागतं.

तिथून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे तिथले पश्चात्ताप. अनेक करार असे असतात, की सगळी बिलं त्याच फॅक्टरकडे द्यायची, महिन्याला अमुक रकमेची बिलं दिली नाहीत तर दंड, करार आपोआप वर्षभर वाढणार, आणि फॅक्टर तुमच्या सगळ्या येण्यांवर आपला बोजा नोंदवणार. मग दुसरा फॅक्टर स्वस्त मिळाला तरी पहिल्यानं सोडचिठ्ठीचं पत्र दिल्याशिवाय जाता येत नाही. आपल्याकडच्या करारांतही ही कलमं दिसू लागली आहेत. बिलांवर एकदा बोजा नोंदला गेला, की उद्या बँकेत कॅश क्रेडिट मागायला जाल तेव्हा बँक तो दाखवून हात वर करते. जे कर्ज स्वस्त पडलं असतं त्याचा दरवाजा महागाच्या करारानं बंद होतो.

सरकारनं आणि रिझर्व्ह बँकेनं यावर जो तोडगा काढला तो कागदावर उत्तम आहे. 'ट्रेड्स' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचांची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २०१४ मध्ये आली आणि २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट असे तीन मंच सुरू झाले. बिल मंचावर चढवायचं, कंपनीनं ते तिथेच मान्य करायचं, मग अनेक बँका आणि वित्त कंपन्या त्यावर बोली लावणार आणि सगळ्यात कमी दराची बोली आपण घ्यायची. पैसे एक-दोन दिवसांत खात्यात. मुदत संपली की कंपनीच्या खात्यातून रक्कम थेट कापली जाते, आणि कापली गेली नाही तरी ती तुमच्याकडे मागता येत नाही. दर ठरतो तो कंपनीच्या पतीवर, तुमच्या नाही. चांगल्या मानांकनाच्या कंपनीचं बिल असेल तर तो वर्षाला एक आकडी टक्क्यांतही येतो. मघाच्या २० लाखांना ७५ दिवसांसाठी ९ टक्क्यांनी ३७ हजार रुपये, आणि वर मंचाची थोडी फी. ७५ हजारांच्या जागी ३७ हजार, घरादाराच्या तारणाशिवाय, आणि डेबिट नोटचं भूत मानगुटीवर नाही, कारण एकदा मान्य केलेलं बिल कंपनीला तिथे कापता येत नाही. छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याला मी कोणत्या फॅक्टरिंगची शिफारस करीन, तर याची, आणि जवळजवळ याचीच.

मग सगळे तिथेच का जात नाहीत? कारण किल्ली कंपनीच्या हातात आहे. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत या मंचांवर नोंदणी करावी, अशी अधिसूचना नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. त्याआधी २०१८ पासून ही मर्यादा ५०० कोटी होती. पण सक्ती आहे ती नोंदणीची. नोंदणी करून बसलेल्या कंपनीनं तुमचं बिल तिथे मान्य केलंच पाहिजे, अमुक दिवसांत केलं पाहिजे, असं बंधन त्यात नाही. अकाउंट्स खात्यातल्या साहेबांना विचारलं तर सांगतात, मटेरियलच्या व्हेंडरांसाठी चालू केलंय, ट्रान्सपोर्टचं नंतर बघू. त्यामागे साधी सोय आहे. लोखंडाच्या पुरवठादाराचं महिन्याला एक बिल येतं, वाहतूकदाराची चाळीस, प्रत्येकाला वेगळी पोहोच, वेगळा वाद. आणि मंचावर मान्य केलेलं बिल ठरल्या दिवशी खात्यातून जातं, तिथे 'पुढच्या आठवड्यात करतो' म्हणता येत नाही. ही ढिलाई कंपनीला हवी असते.

शिवाय ट्रेड्सवर पैसे सुटतात ते बिल मान्य झाल्यापासून. पोहोच टपालानं यायला दहा दिवस, ती कंपनीच्या खिडकीवर जमा व्हायला चार दिवस, मग बिलाची पडताळणी, मग एका एलआरवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून अख्खा गठ्ठा परत. हे पंधरा-वीस दिवस कोणत्याही दरानं वटवता येत नाहीत. पोहोचेचा फोटो पोहोच म्हणून स्वीकारला तर यातले निम्मे दिवस उद्या कमी होतील, आणि त्याला ना कायदा लागतो ना फॅक्टर. माल उतरवून घेणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवून पोहोच घेणाऱ्या कंपन्या आहेतच. ज्यांना जमवायचं होतं त्यांनी जमवलं.

आता मूळ मुद्दा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले पाहिजेत हा २००६ पासूनचा कायदा आहे. करारात कंपनीनं ९० दिवस लिहून घेतले असले तरी कायद्याची मर्यादा ४५ दिवसांचीच. लेखी करारच नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. वाहतूक ही सेवा आहे, त्यामुळे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेला छोटा ट्रान्सपोर्टवाला यात सरळ बसतो, आणि ती नोंदणी फुकट आहे. २०२३ मध्ये आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं गेलं. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावटीसाठी धरता येतो. ज्या कंपन्यांनी अठरा वर्षं ४५ दिवसांकडे ढुंकून बघितलं नव्हतं त्यांना मार्च २०२४ मध्ये अचानक व्हेंडरांचे उद्यम नंबर हवे झाले. काहींनी पैसे दिले. काहींनी नोंदणी नसलेला पुरवठादार शोधायला सुरुवात केली.

कायद्यानं हक्काचं व्याज मिळत असताना ट्रान्सपोर्टवाला स्वतः व्याज भरून आपलेच पैसे आणतो, याचं कारण त्याला कायदा माहीत नाही असं नाही. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे अर्ज केला तर पुढच्या महिन्यापासून त्या कंपनीच्या गेटवर आपली गाडी लागणार नाही, हे त्याला कायद्यापेक्षा पक्कं माहीत असतं. म्हणून तक्रारी होतात त्या बहुधा संबंध तुटल्यावर, आणि चालू संबंधातला उशीर कुठल्याच आकड्यात येत नाही. फॅक्टरिंगनं या भीतीवर तोडगा निघतो, हे मान्य. पण त्यातून कंपनीला एक संदेशही जातो: तुम्ही ६० चे ९० दिवस केलेत तरी काही बिघडत नाही, तुमचा ट्रान्सपोर्टवाला कुठूनतरी पैसे उभे करतोच आहे. उलट आमच्या व्हेंडरांना फायनान्सची सोय करून दिली आहे, असं म्हणत काही खरेदी-विभाग मुदत वाढवून घेतात. उधारी वाढवायला मिळालेलं हे निमित्त मला फॅक्टरच्या फीपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण फी ज्यानं करार केला त्याला लागते, पण वाढलेली मुदत त्या कंपनीच्या सगळ्या वाहतूकदारांना लागते.

म्हणून व्याज कंपनीनं द्यावं. यात काही क्रांतिकारक नाही. ट्रेड्सवर बिल चढवताना व्याज बिल विकणाऱ्यानं सोसायचं की सेवा घेणाऱ्या कंपनीनं, हे ठरवायची सोय आहे. ती सगळे वापरत नाहीत एवढंच. ४५ दिवसांपर्यंतचं व्याज बिल विकणाऱ्याचं आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचं कंपनीचं, असा नियम सरकारनं केला तर २००६ च्या कायद्यात जे लिहिलं आहे तेच, पण तक्रार न करता, खात्यातून आपोआप वसूल होईल. कंपनीला स्वतःला बँकेकडून पैसे ज्या दरानं मिळतात जवळपास त्याच दराचा हा खर्च आहे. तिला तो परवडतो, ट्रान्सपोर्टवाल्याला नाही.

यावर हमखास उत्तर येतं, की कंपन्या मग भाड्याचे दर कमी करतील, आणि ट्रान्सपोर्टवाला होता तिथेच राहील. थोडेफार करतीलही. पण दर सगळ्यांसमोर ठरतो, निविदेत दिसतो, परवडला नाही तर नाकारता येतो. मुदत गुपचूप वाढते. दर ठरल्यावर, काम सुरू झाल्यावर, गाड्या लागल्यावर, 'या महिन्यात पेमेंट थोडं लेट आहे' असं म्हणून. दरात दिसणारी किंमत मुदतीत लपलेल्या किमतीपेक्षा केव्हाही बरी, कारण तिच्यावर भांडता येतं.

हे होईपर्यंत कुणी मला विचारलं की फॅक्टरचा माणूस करार घेऊन येतोय, सही करू का, तर मी आधी विचारीन की तुझी कंपनी ट्रेड्सवर आहे का आणि तिथे बिल मान्य करायला तिला कधी लेखी विचारलंस का. बहुतेकांनी विचारलेलं नसतं. ईमेलनं विचारावं, खरेदी-विभागाला नव्हे तर फायनान्सला, आणि वर्षाच्या दरकराराच्या वेळी विचारावं, तेव्हा कंपनीलाही आपली गरज असते. तिथे जमत नसेल तर निवडक बिलं घेणारा फॅक्टर शोधावा, सगळी मागणारा नव्हे. राखीव रक्कम किती दिवसांत परत देणार, डेबिट नोट आली तर वसुलीला किती मुदत, आणि करार मोडायला काय लागतं, ही तीन उत्तरं कागदावर घ्यावीत. ज्या कंपनीच्या पोहोचांवर हमखास शेरे येतात तिची बिलं विकूच नयेत, भले ती कितीही मोठी असो.

राहिला सगळ्यात खालचा, एका गाडीचा मालक. वरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल ट्रेड्सवर दोन दिवसांत सुटलं तर याची वीस टक्के बाकी दोन दिवसांत मिळेल का? आज तरी तसं होताना दिसत नाही. 'कंपनीकडून आले नाहीत' हे जुनं कारण पुढे करायची सवय जात नाही, आणि कंपनीकडून आले की नाही हे बघायचं साधन गाडीवाल्याकडे नाही. पण ४५ दिवसांचा कायदा सेवा घेणारा कोण हे बघत नाही. गाडीवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर त्याच्यापुरता हा ट्रान्सपोर्टवालाच घेणारा ठरतो आणि त्यालाही तेच चक्रवाढ व्याज लागू होतं. वाहतूकदारांच्या संघटना कंपन्यांच्या दारात ४५ दिवस मागायला जातात तेव्हा त्यांच्या सदस्यांच्या वहीत बाजारातल्या गाड्यांची बाकी किती जुनी आहे, तेही कुणीतरी विचारायला हवं.